पदक पुंजारामचं, हात बद्रीनाथचा

माझी तिरडी त्या कमानीखालून न्यायची नाही. गावात शिरायला दुसरा रस्ता नसेल तर गावाला नेऊच नका, इथं मुकुंदवाडीतच जाळा. कमानीवर 'वीर पुंजाराम ठोंबरे प्रवेशद्वार' असं लिहिलंय आणि ते खोटं आहे. एवढं आधी लिहिते, मग बाकीचं.

मी, वच्छलाबाई बद्रीनाथ ठोंबरे, वय बहात्तर, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला गुडघे लागत नाहीत. कुणाचा धाक नाही. मला धाक घालणारी एकच बाई होती, माझी सासू, ती गेली. वकिलानं एक कागद टाइप करून दिला होता. लई गुळगुळीत होता, म्हणून बाजूला ठेवला. शिक्षण चौथी, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नयेत. नवऱ्याचं नाव मी उखाण्याबाहेर कधी घेतलं नाही. या कागदावर घेणार आहे, कारण जिथं घ्यायला पाहिजे होतं तिथं कुणीच घेतलं नाही.

कलम एक. मुकुंदवाडीतल्या दोन खोल्या, वरच्या पत्र्यासकट, माझी नात तनुजा हिला. तिचा बाप सोमनाथ, माझा एकुलता एक मुलगा, याला नाही. कारण कलम चारमध्ये आहे.

कलम दोन. नवऱ्याच्या पंक्चरच्या दुकानातला जॅक, पाने आणि टायर उचकटायची टॉमी हे सगळं त्याच्या हाताखाली शिकलेल्या अतुलला. आता दुकान तोच चालवतो. टॉमी डाव्या हाताच्या पकडीनं झिजलेली आहे. उजव्या हाताच्या माणसाला ती जड जाईल, त्यानं सवय करून घ्यावी.

कलम तीन. पदक. जे आपल्या ताब्यात नाही ते कुणाला देता येत नाही, असं वकील म्हणाला. पदक गावाकडं, माझे थोरले दीर पुंजाराम यांच्या भिंतीवर काचेत आहे. पन्नास वर्षं मी त्यांना अहो-जाहो केलं. इथून पुढं करणार नाही.

एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी बद्रीनाथ एकोणीस वर्षांचा होता. ट्रक चालवायला हात तयार, पण जड गाडीच्या लायसनला वय भरत नव्हतं. म्हणून तो पुंजारामचं लायसन खिशात घालून चालवायचा. दोघा भावांचा तोंडवळा एक, पोलीस फोटोकडं कुठं निरखून बघतात. सरकीच्या पोत्यांचा ट्रक घेऊन गुजरातेत गेला, तिथं लष्करानं ट्रक माणसासकट कामाला लावला. राजस्थानच्या सरहद्दीवर दारूगोळ्याच्या ढिगाऱ्याशेजारी वरून बॉम्ब पडला आणि एक भरलेली गाडी पेटली. बाकीचे पळाले. हा त्या गाडीत चढला आणि ती दूर वाळूत नेऊन सोडली. स्टिअरिंग तापून लाल झालं होतं, म्हणायचा. दवाखान्यात बेशुद्ध असताना साहेबानं खिशातलं लायसन काढलं आणि नाव उतरवून घेतलं.

पदक जाहीर झालं ते पुंजारामला.

खरं सांगितलं तर दोघांवर केस, मालकाच्या गाडीचा परवाना जाणार, अशी भीती. चुलीपाशी बसून सासूनं निकाल दिला. "पदक घरातच येतंय ना? मग कोणत्याबी लेकराच्या छातीवर लागंना." पुंजाराम म्हणाला, "बद्र्या, दोन वर्षं थांब, मग मीच सांगतो." दिल्लीला तोच गेला. नवा कोट शिवून गेला. सरकारनं जमीन दिली ती त्याच्या नावावर, कमान त्याच्या नावाची, दर झेंडावंदनाला खुर्ची त्याची. दोन वर्षं अजून भरायची आहेत.

माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताची चार बोटं एकमेकाला चिकटली. वय भरलं तेव्हा लायसन मागायला गेला, तर हात बघून नाय म्हणाले. कशानं भाजला, विचारलं. स्टोव्ह भडकला, म्हणाला. उभा जन्म सगळ्यांना तेच सांगितलं. पदक माझ्या ताब्यात नव्हतं, पण तो हात सदतीस वर्षं माझ्या ताब्यात होता. सदऱ्याच्या गुंड्या रोज मी लावल्या.

दर खंडेनवमीला गावाकडं औजारांची पूजा व्हायची. त्यात पदकही ठेवायचे. पुंजाराम हळदीकुंकू वाहायचा, बद्रीनाथ त्या हातानं झेंडूचं फूल ठेवायचा. कमान झाली त्या वर्षापासून तो जायचा बंद झाला.

तो गेला पंधरा ऑगस्टला, सन दोन हजार नऊ. पुंजाराम झेंडावंदन उरकून तसाच आला, कोटावर पदक लावलेलं. त्यानं खांदा दिला. एवढ्या वर्षांत पदक माझ्या नवऱ्याच्या जवळ आलं ते त्या दिवशी, एका वितीवर.

कलम चार. सोमनाथला पितळी स्टोव्ह. मी सरकारला अर्ज लिहायला बसले तेव्हा तो म्हणाला, "आई, काकांनी मला कंपनीत चिकटवलं. आता उकरून काय मिळणार?" बापाच्या हाताचा आळ या स्टोव्हवर होता. त्यानं तो रोज पुसून ठेवावा, पेटवू नये.

कलम पाच. लष्करी दवाखान्याची चिठ्ठी माझ्या लुगड्यांच्या पेटीत तळाला आहे. तनुजानं वाचून दाखवली. नाव पुंजारामचंच आहे, पण खाली लिहिलंय की उजवा हात मनगटापर्यंत भाजला. पुंजाराम एकोणऐंशी वर्षांचा आहे. त्याच्या उजव्या हाताला तव्याचा चटकाही नाही, कुणीही जाऊन बघावं. ही चिठ्ठी आणि या कागदाची नक्कल तनुजानं पदक जिथून आलं तिथं पाठवावी. जमीन परत मागू नये. कमानीवरचं नाव तेवढं मागावं.

कलम सहा. ज्याला काही मिळतं त्यानं साक्ष द्यायची नसते, असा कायदा आहे म्हणे. हा कायदा तेव्हा आमच्या चुलीपाशी लागू असता तर बरं झालं असतं. या कागदातून पुंजारामला काहीच मिळत नाही, म्हणजे तो साक्षीला चालतो. मी मागच्या आठवड्यात कागद घेऊन गेले आणि कलम तीन त्याला वाचून दाखवलं. सहीची जागा दाखवली, तर तो खिसे चाचपू लागला. मग म्हणाला, "वच्छला, चष्मा सापडत नाही." चष्मा कपाळावर होता.

कायद्याला दोन साक्षीदार पुरतात, ते खाली आहेत. दोघांसमोर मी सही केली, माझ्यासमोर त्यांनी केली. तिसरी जागा मी राखून ठेवली आहे.

ठिकाण: मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: २७ जानेवारी २०२५

सही: वच्छलाबाई बद्रीनाथ ठोंबरे

साक्षीदार:
१. दीपमाला सोनवणे, आशाताई, शेजारीण (सही)
२. काकासाहेब डुकरे, निवृत्त पोस्टमन (सही)
३. पुंजाराम ठोंबरे ____________

तिसरी जागा कोरी का, असं मी गेल्यावर कुणी विचारलं तर पुंजारामनं सांगायचं. मुलानं, नातवानं, वकिलानं त्याच्या वतीनं बोलायचं नाही. एका भावाच्या जागी दुसरा एकदा उभा राहिला, तेवढं पुरे.