सासऱ्यांचं शेवटचं कोकोफळ

२ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प: कांस्य ओतकाम. कुमासीजवळच्या ओताऱ्यांच्या घराण्यातला मी, कला रक्तातच. आयुष्य विमा विकण्यात गेलं म्हणून काय झालं? रक्त रिटायर होत नाही.

५ जानेवारी
सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाची बैठक. मेहुणे मांडव, खुर्च्या, बँड असली किरकोळ कामं वाटून घेत होते. मी उभा राहिलो. सासऱ्यांनी लावलेल्या झाडाचं कोकोफळ हुबेहूब कांस्यात ओतून देतो म्हणालो. सगळे गप्प. (भारावून.) रोग पडला म्हणून त्यांची बाग गेल्याच महिन्यात सरकारी माणसांनी तोडली. शेवटचं एक फळ सासूबाईंनी काढून ठेवलेलं. ते माझ्या हाती देताना त्यांच्याने सोडवेना. अखेर बायकोनं, सेरवानं, त्यांची बोटं सोडवली.

८ जानेवारी
आमच्यातले एकटेच अजून ओतकाम करणारे दापामामा, त्यांच्या भट्टीवर. मामा म्हणाले, "बेंपा, आधी चांगलं वाळव. मग लेप. आत फळ जळतं, त्या पोकळीत धातू जातो. आणि फळ एकदाच जळतं रे बाबा." मामा जुन्या वळणाचे. बाहेर हर्मटानचं कोरडं वारं सुटलंय, माणसांचे ओठ फुटतायत, फळाला कितीसा वेळ?

१२ जानेवारी
माती-कोळशाचा लेप दिला. सेरवा म्हणाली, "अहो, अजून ओलं लागतंय हाताला."
ओलावा हा कलाकृतीचा प्राण, असं मी तिला समजावलं. ती जेवणाच्या फुफूसाठी उकडलेले कंद कुटायला गेली. मुसळ आज जरा जोरातच चाललं होतं.

१४ जानेवारी
भट्टी पेटवली. स्फोट.
माती निकृष्ट.

१५ जानेवारी
उत्तम माती आणली. आत घालायला काही नाही.

१९ जानेवारी
सेरवा विचारते, आईला कधी सांगणार? योग्य वेळी. भावनेच्या भरात निर्णय घेऊ नयेत. शिवाय तत्त्वतः पाहिलं तर कोको म्हणजे कोको.

२ फेब्रुवारी
मामांकडे दुसऱ्याच कुणाच्या बागेतलं वाळकं फळ पडलं होतं. ते ओतलं. म्हणजे मामांनी ओतलं, मी मागे उभं राहून मार्गदर्शन केलं. मामा म्हणाले, "आणि नाव कुणाचं सांगणार?"
घराण्याचं, म्हणालो. मामा थुंकले. तंबाखू असावी.

१५ फेब्रुवारी
श्राद्ध. कापड दूर केलं. टाळ्या! सासूबाईंना आताशा कमी दिसतं. त्यांनी फळ मांडीवर घेतलं, देठापासून टोकापर्यंत हात फिरवला. पुन्हा फिरवला.
"छान झालंय, जावईबापू. पण हे आमचं नाही. आमच्याची मान वाकडी होती. ह्यांच्यासारखी."
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
"आमचं कुठाय?"
धातू आकसतो, आकार थोडा बदलतो, असं मी सांगायला लागलो. तेवढ्यात सेरवा म्हणाली, "आई, ते फुटलं. ह्यांना धीर निघाला नाही."
सासूबाईंनी मान हलवली. बँडवाल्यांना म्हणाल्या, वाजवा.

१७ फेब्रुवारी
सासूबाईंकडे रताळी पोचवायला गेलो. बैठकीत माझी कलाकृती कुठे दिसेना. मागे गेलो. स्वयंपाकघराचं दार वाऱ्यानं आपटायचं, तिथे लावून ठेवलीय.
वजन उत्तम आहे. दार आपटत नाही.