तिसरं बटण

प्रिय सारिका,

फोनच केला असता, पण फोनवर तू 'सगळं ठीक आहे आजी' म्हणतेस आणि मला पुढे बोलताच येत नाही. म्हणून लिहायला बसले. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी, अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस. चार ओळी झाल्या की बोटं दुखतात, मग पेन ठेवते, चहा घेते. सकाळी कळण्याची भाकरी केली. पीठ जास्त झालं, एक शेजारी बेबाबाईला दिली. ती विचारते, नात कधी येणार, आम्हाला पण बोलू द्या की त्या फोनातल्या बाईशी.

खरं सांगू का, लई मजा आली मला. तू म्हणालीस, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी ऑफिसात एक अ‍ॅप करायचं आहे, त्यात काय काय हवं ते आधी सुचवून घ्यायचं, मग नीट लिहून द्यायचं, मग पोरं बनवणार. घर बांधायच्या आधी न्हाणी कुठे, चूल कुठे असं जमिनीवर आखतात, तसंच म्हण. आणि ते आखायला तू माझ्याजवळ आलीस, धुळ्याहून धरणगावला! तुझ्या फोनात बोलते तिला एआय म्हणतात म्हणे, मी आपली बाईच म्हणते. फोन परातीला टेकवायचा, मी शेंगा सोलायच्या आणि तिनं विचारायचं. गोळ्यांची आठवण करू का? पडलात तर कोणाला कळवू? एवढ्या आदबीनं तुझ्या आजोबांनी जन्मात काही विचारलं नाही मला.

ती म्हणाली, रोज सकाळी 'मी बरी आहे' असं बटण दाबायचं, आजारी असलं तर दुसरं, 'मदत हवी' असं. मला हसूच आलं. माझ्या दारात सडा पडला नाही तर बेबाबाई ओट्यावरूनच ओरडते, 'मंजुळाबाई, उठल्या का गेल्या वर?' तू ते फोनातल्या बाईला सांगितलंस, तर लगेच म्हणते, मग बटण दाबलं नाही तर निरोप आधी शेजारणीलाच जाऊ द्या. बेबाबाई म्हणाली, 'निरोप कशाला व माय, मला ओरडूच द्या!' तू किती दिवसांनी हसलीस तेव्हा.

पण एकदा त्या बाईनं विचारलं, माणूस आजारी नाही, पण बरंही नाही, त्यानं काय दाबायचं? मी म्हटलं, तिसरं बटण ठेवा, 'नुसतं या' एवढंच, कारण सांगायला नको. ते तू लिहून घेतलं नाहीस. फोनकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, आजी, फार दमले. मी समजले, बस बदलत आलीस म्हणून. बाजेवर पडलीस ती ऊन उतरेपर्यंत उठली नाहीस.

मग तू येतच राहिलीस. आधी रविवारी, मग भर आठवड्यात. 'अजून काही सुचतं का आजी?' मी तर भांडी घासताना, देवळात आरती चालू असतानाही शोधत असायची. चष्मा हाक मारल्यावर ओ देईल असा. भाजीत मीठ घातलं की नाही ते लक्षात ठेवणारं काहीतरी.

मागच्या खेपेला तू न्हाणीत होतीस. मी फोनला म्हटलं, बाई, चष्म्याचं घेतलं का? ती बोलेना. बेबाबाईच्या सुनेनं बघितलं, म्हणाली, फोन तर बंद करून ठेवलाय आजी. तू बाहेर आलीस, केस पुसत बसलीस आणि म्हणालीस, 'बाई विचारते आहे, चष्म्यानंतर काय?' मी आपली सांगत बसले, छत्रीचं, किल्लीचं.

दुसऱ्या दिवशी तुझ्या आईचा, पुष्पाचा फोन आला. माझी लेक किती कौतुकानं सांगत होती, सारिका रोज डबा घेऊन वेळेवर ऑफिसला जाते, कामाला वाघ आहे. तो डबा तू माझ्या ओट्यावर बसून खातेस, माय. आणि अर्धा तर गाईलाच घालतेस.

काम सुटलं ना? त्यांनी काढलं का तू सोडलंस, ते मला नको सांगूस. पुष्पाला मी अक्षर बोलले नाही, ते तू सांग. धीर होत नसेल तर तिला इथे घेऊन ये, मी तुम्हा दोघींच्या मध्ये बसते. गल्लीतला भिकन धुळ्याला येतोय, हे पत्र तो तुझ्याच हातात देईल, तसं बजावलंय त्याला. एवढं लिहिलं ते एकाच गोष्टीसाठी. आता काही विचारायला म्हणून येऊ नकोस, मला काही सुचत नाही, माझंही डोकं दमलं. नुसती ये. फोन परातीला टेकवू नकोस, डबा आणू नकोस, येऊन झोप हवं तर. पीठ मी आता रोजच जास्त मळते. आलीस तर भाकरी तुझी, नाही आलीस तर बेबाबाई आहेच.

भाकरी झाकून वाट बघणारी,
तुझीच
मंजुळाआजी