डाग, कुरड्या आणि विमलाबाईंची टाचणी

देवळी, दसऱ्याचा दुसरा दिवस, १९९८

तीर्थस्वरूप सदाशिवभाऊ,

धाकट्या बहिणीचा, शकुंतलेचा, वाकून नमस्कार (लांबूनच, काळजी नसावी). तुमचा खोकला, वहिनींचे गुडघे आणि वडनेरचा कापूस ठीक असेल. मला महारोग झाल्याची बातमी तिकडे केव्हाच पोचली असणार. आपल्या नातेवाइकांना पोस्टाची गरज कधी पडली?

खरं काय ते आता ऐका. मागच्या दसऱ्याला नाकावर आणि दोन्ही गालांवर लाल चट्टे उठले, बोटांचे सांधे दुखू लागले. घरात डॉक्टर एकच, माझी थोरली जाऊ विमलाबाई. आपल्या जिल्ह्यात महारोगाच्या एवढ्या तपासण्या झाल्या, त्यातून ही बाई एवढंच शिकली की डाग बधिर असतो. तिने माझ्या गालात टाचणी खुपसली. मी किंचाळले, तर म्हणते, "नाटक करून राह्यली. तेच आहे हे." झालं, माझा पेला वेगळा! (तो रोगही गोळ्यांनी बरा होतो, हे तिने ऐकलंच नाही.) मग चैत्रात, उन्हाने जंतू मरतात म्हणून, गच्चीवर कुरड्यांच्या शेजारी मलाही वाळत घातलं. कुरड्या छान झाल्या. माझं तोंड भाजल्यासारखं झालं, केस गळाले, पाय सुजले, तेव्हा कुठे आमच्या ह्यांना दुकान बंद करून मला वर्ध्याला न्यायची बुद्धी झाली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गाल पाहिले, सांध्यांचं विचारलं आणि रक्त-लघवी तपासायला पाठवली. विमलाबाई तिथेही हजर! "डाग तोंडाले अन् लघवी काऊन मांगते?" तर रोगाचं नाव ल्युपस. शरीराचे राखणदारच घरच्यांना झोडपतात. कातडी, सांधे, किडन्या, कुणाला सोडत नाहीत. (आपल्या खानदानाचाच रोग, दुसरं काय?) तो कुणाला लागत नाही. ऊन वर्ज्य, आणि गोळ्या आपल्या मनाने थांबवायच्या नाहीत. त्यातली एक हिवतापाची निघाली (ती ह्या रोगावरही चालते), तर जाऊबाईंनी गल्लीभर सांगितलं की डॉक्टरलाही काही समजलं नाही. असल्या शहाण्यांचं मी मनावर घेत नाही.

कळावे. मला कुणाची गरज नाही.

तुमची,
शकुंतला

ता.क. वहिनींना लोणचं पाठवत नाही. फेकायचे कष्ट त्यांना कशाला?

पुन्हा ता.क. मागच्या भाऊबीजेला तुम्ही ओसरीवरच बसलात, उपास आहे म्हणालात, पाण्यालाही शिवला नाहीत. भाऊ, भाऊबीजेला कुणाचा उपास असतो हो? फार लागलं मला ते. यंदा या. पाटावर बसा, माझ्या हातचं जेवा. नाही आलात तर चंद्राला ओवाळीन. डाग त्याच्याही तोंडावर आहेत, पण तो बापडा उपास तरी सांगत नाही.