नेतृत्वाचा तास आणि यवतमाळ–बाभुळगाव जीप

ती. किसनराव मामांना रजतचा वाकून नमस्कार. तुमचा खोकला आणि लीलाबाई मामींचा गुडघा, दोघंही आता ऐकत असतील असं धरून चालतो. मुकुटबनकडे तूर फुलावर आली असेल. इकडे मी मात्र पुरता गोंधळलो आहे.

तुम्हाला माहीतच आहे, मी इथं तासिका तत्त्वावर आहे. या वर्षी कॉलेजात सार्वजनिक धोरणाचा नवा अभ्यासक्रम निघाला, त्यात 'नेतृत्व कौशल्य' नावाचा विषय, आणि तो आला माझ्याकडे. (ज्याच्या हाती घरात टीव्हीचा रिमोटही कधी आला नाही, त्याच्याकडे!) मला पुढच्या सत्रात ठेवायचं की नाही, हे शुक्रवारी समिती ठरवणार आहे. मामा, खरं सांगतो, मला ही नोकरी हवी आहे. वर्गातली ही दहा पोरं मला फार आवडतात.

पहिल्याच तासाला मी शिकवलं, की नेता आधी दुसऱ्याला जागा देतो, मग स्वतः बसतो. पोरांनी वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघाही ओढल्या. मला वाटलं, चला, विषय जमला. मग बसथांब्यांवर सावली आणि प्यायचं पाणी असावं, असा प्रस्ताव पोरांनी तयार केला आणि तो मांडायला बाभुळगावच्या पंचायत समितीतल्या एका साहेबांनी अकराची वेळ दिली. आम्ही साडेनऊला यवतमाळच्या जीप स्टँडवर हजर.

आता आपल्याकडची जीप तुम्हाला ठाऊक आहे, भरल्याशिवाय हलत नाही. पण ती भरायला कोणी आत तर बसायला हवं! आयुष म्हणे आधी खुशी, खुशी म्हणे आधी संघदीप, संघदीप म्हणे आधी त्या पिशवीवाल्या मावशी. मावशी बसल्या, त्यांच्यामागून त्यांचं अख्खं गणगोत बसलं आणि जीप निघून गेली. अशा तीन जीप गेल्या आणि अकरा तिथंच वाजले. दहाही जण तिन्ही वेळा खाली उभे, चेहऱ्यावर नेतृत्वाचं समाधान. मी रागवावं तरी कशावर? शिकवलं तसंच तर वागत होते. (परीक्षेत असं कधी वागत नाहीत.)

चौथी जीप रहमतभाईंची. त्यांनी पाच मिनिटं हा सोहळा पाहिला आणि मला विचारलं, "सर, हे पोट्टे बसून काहून नाही राह्यले?" मी म्हटलं, नेतृत्वाचा तास चालू आहे. ते म्हणाले, "मंग तास गाडीत घ्या नं! ए पोट्टी, तू मधात. तू मांगं. तू खिडकीपाशी. सर, तुम्ही स्टेपनीवर." अर्ध्या मिनिटात सगळे आत. मीसुद्धा निमूटपणे स्टेपनीवर बसलो.

बाभुळगावला पोचलो तेव्हा साहेब जेवायला निघून गेले होते, ते त्या दिवशी परत आलेच नाहीत. पोरं नापास झाली की मी, की आम्ही सगळे पहिल्या वर्गात पास झालो, हे मला अजून समजलेलं नाही. मामींना नमस्कार.

आपला,
रजत

ता. क. : आमच्या संस्थेचे सचिव तुमच्या व्याह्यांचे भाऊ लागतात ना? शुक्रवारच्या आत सहज त्यांच्या कानावर माझं नाव घातलंत तर बरं होईल. याला वशिला समजू नका. (वशिल्याच्या दुष्परिणामांवर मी दोन तास घेतले आहेत.)

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात दहाही जण प्राचार्यांच्या नावे एक अर्ज घेऊन आले. पुढच्या सत्रात नेतृत्व हा विषय रहमतभाईंना द्यावा, अशी मागणी. आपसांत बसून, मला न विचारता ठरवलेलं हे त्यांचं पहिलं काम. अर्ज इतका मुद्देसूद, की वाचताना मला भरून आलं. फक्त पहिली सही कोणी करेना. तू कर, नाही आधी तू, असं अर्धा तास चाललं. प्राचार्य तर पाचला निघतात. शेवटी पहिली सही मीच केली.