बिनजाडीचा धातू

जळोची, बारामती
मंगळवार

आदरणीय बाजीराव मामांना करुणाचा सप्रेम जय भीम.

तुमची कंबर कशी आहे? मामींचा पारा? जळालेल्या मोटारींत तांब्याची तार भरून घ्यायला गिऱ्हाईक येतंय ना? मी मजेत. मोबाईलवरच कळवलं असतं, पण तुमचा मोबाईल आधी मामी वाचतात, मग गल्ली, उरलंसुरलं तुम्हाला. म्हणून हा कागद तुमच्या बावड्याच्या एसटीच्या कंडक्टरकडं देतेय.

तर मामा, पंधरा दिवस माझ्या जिवाला नुसता घोर होता. शेवटच्या वर्षाचा माझा प्रकल्प म्हणजे सिग्नल गाळणारं सर्किट. (चहाची गाळणीच समजा, चोथा वर, चहा खाली.) ते आधी संगणकात चालवून बघायचं, मग त्याचा बोर्ड बनवायचा. संगणकात माझी गाळणी झकास! बोर्डात मात्र निम्मा सिग्नल गायब. आमचे इंद्रजित सर म्हणाले, पाणी कुठंतरी मुरतंय, गुरुवारपर्यंत दोन्हींचा मेळ बसला नाही तर पुढच्या वर्षी भेटू.

तेवढ्यात लासुर्ण्याहून तुमच्या मातोश्रींचा, म्हणजे केसरबाई आजीचा, फोन. काय करतीस विचारलं. मी खरं तेच सांगितलं, की धातूचे गुणधर्म भरतेय, जमेना झालंय, रविवारी घेऊनच येते. मी लॅपटॉपबद्दल बोलत होते हो! पण आपल्या घरात धातू म्हटलं की तांबं-पितळ कोणाच्या डोक्यात येतंय? (तुम्ही सोडून. तुम्हाला तांब्याशिवाय दिसतंच काय?) विहारात भन्तेजींनी बुद्धांच्या पवित्र अस्थिधातूंवर प्रवचन देऊन महिनाही झाला नव्हता. आजीनं एवढंच ऐकलं, की नात धातू घेऊन येतीय.

रविवारी एसटीतून उतरते तर काय! फाट्यावर पांढऱ्या साड्यांची रांग, हातात फुलं, मेणबत्त्या, आणि सगळ्यांत पुढं आजी. रंगूबाई काकूंनी माझी लॅपटॉपची बॅग डोक्यावरच घेतली. (तिच्यात माझे न धुतलेले मोजेही होते, पण सांगायची सोय होती का?) विहारात पोचल्यावर मात्र मला राहवेना. सगळं कबूल केलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तर आजी अशी हसली, अशी हसली, की जवळच्या दोन मेणबत्त्या विझल्या. मग सगळा विहार हसला. आलोच हाय तर दाव तुझा धातू, आजीचा हुकूम.

मी पडद्यावर एकेक रकाना वाचून दाखवला: नाव तांबं, वाहकता अमुक, मग जाडी. आजीला अक्षरं वाचता येत नाहीत, आकडे बरोबर कळतात. तिनं बोट ठेवलं. “ह्या जाडीम्होरं भोपळा का गं? जाडीच न्हाय, तर त्यो धातू हाय कुठं?”

मामा, मी गारच! तो रकाना मी भरलाच नव्हता. जाडी शून्य असली की हे सॉफ्टवेअर समजतं, हा लई आदर्श धातू, सिग्नल अजिबात खात नाही. खरं तांबं थोडं खाणारच की. पस्तीस मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही पातळ, एवढी जाडी भरली, बटण दाबलं, आणि संगणकातली गाळणीही बोर्डाइतकीच गळकी निघाली! तंतोतंत! आजीला उचलून गिरकीच घेतली मी. मग स्वागताची खीर सगळ्यांनी मिळून संपवली.

मामींना जय भीम सांगा.

तुमची भाची,
करुणा

ता.क. १: खरं काम आता सांगते. अहवालात मी लिहिलं, मार्गदर्शन: श्रीमती केसरबाई, लासुर्णे. सरांना वाटलं, कुणी निवृत्त प्राध्यापिका असतील. गुरुवारी त्यांना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलंय, फळ्यावर नावसुद्धा लिहून झालं. मी आजच खरं काय ते सांगून टाकलं. सर आधी खुर्चीतच बसले, मग म्हणाले, आता तर आणायच्याच! तेव्हा दुकान बंद ठेवा आणि आजीला दहाच्या आत घेऊन या.

ता.क. २: भाषणाची जाडी किती ठेवायची, असं आजी विचारत होती. मी म्हटलं, पस्तीस मायक्रॉन. ती मिनिटं समजलीय. तिला दुरुस्त करू नका मामा. जन्मात पहिल्यांदा कॉलेजात येतीय, बोलू दे.