मांडून ठेवलेला चहा

३ फेब्रुवारी

— पातेलं शेगडीवर. त्याच्या बाजूला ओळीने पाणी, साखर, चहापत्ती, दूध. शेवटी कप, कपावर गाळणं. गाळणं ठेवतोय तोच हिची चाहूल लागली. बाहेर येऊन पेपर उघडला. ही आत गेली, ओळीने हात फिरवला, चहा घेऊन आली.

"आहे की नाही सुगरण?"

आहे, म्हटलं.

ऑपरेशनपासून रोज हेच. गाठ हिच्या मेंदूच्या पुढच्या भागात. काढली, पण सगळी निघाली नाही. बोलणं पूर्वीसारखंच, टोमण्यांसकट. फक्त एका कामाला दुसरं जोडता येत नाही. पातेलं ठेवते आणि तशीच उभी राहते. मांडून ठेवलं की जमतं.

४ फेब्रुवारी

रजा संपत आली. पुढच्या आठवड्यात कॉलेजात रुजू व्हायचं. मग हिच्याजवळ कोण? ताई यायला एका पायावर तयार आहे. मोठी बहीण, तिला नाही म्हणणं अवघड.

ही म्हणाली, "वन्सं आल्या की मी माझ्याच घरात पाहुणी. हातातलं काढून घेतील आणि वर म्हणतील, तू बस गं. मी राहीन एकटी."

डॉक्टरांचं म्हणणं — एकटं ठेवायचं की नाही ते आधी मोजू. रोजची कामं कितपत जमतात ते पाहायला एक बाई घरी येतील.

५ फेब्रुवारी

हिने बाईंना न बघताच नाव ठेवलं. मोजणीवाल्या बाई.

६ फेब्रुवारी

आल्या. वयाने लहान, आवाज हलका. ही म्हणाली, "या. खुंट्या कुठे ठोकणार?" बाई हसल्या. मोजणीला बसल्या.

आधी हिला प्रश्न. मग मला दुसऱ्या खोलीत तेच प्रश्न. अंघोळ? स्वतः करते. कपडे? स्वतः. औषधं? स्वतः घेते. चहा? स्वतः. उत्तरं भराभर दिली. खोटं बोलतोय असं वाटलंसुद्धा नाही.

मग म्हणाल्या, आता चहा करून दाखवा. ओट्यावर मांडलेलं होतंच. चहा उत्तम झाला. बाई कपाकडे बघत राहिल्या.

"हे सगळं काढून कुणी ठेवलं?"

ही म्हणाली, "यांनी. रोज ठेवतात. सकाळी चोरासारखे. मला ऐकू येतं अंथरुणात."

"त्यांना कधी बोलला नाहीत?"

"कशाला? तेवढंच त्यांना बरं वाटतं."

खिडकीबाहेर बघत राहिलो. दुसरं काय करणार.

बाई रागावल्या नाहीत. असं पुष्कळ घरांत होतं म्हणाल्या. "पण सर, काय काय लागेल ते आठवणं, काढणं — अर्धं काम तेच. ते तुम्ही करता. त्यांना जमतं का, ते मला बघायचंय." उद्या पुन्हा येतील. सगळं कपाटात ठेवायचं. मी घराबाहेर.

७ फेब्रुवारी

समोरच्या सलूनच्या बाकावर जाऊन बसलो. न्हावी म्हणाला, दाढी? नको म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, नुसतंच बसायचं तर दाढी करून बसा. केली. आरशात आमची खिडकी दिसत होती. आत कोणी दिसेना.

परत आलो. बाईंनी हिच्या समोरच सांगितलं, ते बरं केलं. डबे सापडले. चहात पत्ती दोनदा पडली. गॅस चालू ठेवून खिडकीशी जाऊन उभी राहिली. आठवण करून दिल्यावर लगेच बंद केला. "एकदा सुरू झाल्या की बरंच जमतं. पण सुरुवात कुणीतरी करून द्यावी लागते. स्वतःहून होत नाही. सध्या एकट्या नकोत."

गुणांचा आकडाही सांगितला. इथे लिहीत नाही.

ही म्हणाली, "तुमच्या वर्गात असते तर ग्रेस तरी दिला असता."

दिला होता की! रोज सकाळी.

८ फेब्रुवारी

ताईला फोन करायचा होता. केला नाही.

९ फेब्रुवारी

रजा वाढवून मिळणार नाही. प्राचार्य चांगले आहेत, तरी मिळणार नाही. आणि मिळाली तरी किती दिवस?

दुपारी दूध उतू गेलं. मी शेगडीसमोरच उभा होतो. आवाज ऐकून ही आली, गॅस बंद केला. माझ्याकडे बघितलं. एकही टोमणा नाही. तेच जास्त लागलं.

ताईला उद्या सांगू. हिला कसं सांगायचं?

१० फेब्रुवारी

सकाळी उशिरा जाग आली. बाहेरच्या खोलीत ही फोनवर बोलत होती. कुणी लावून दिला नव्हता.

"वन्सं, या तुम्ही. नाही, माझं बरं आहे. यांच्यासाठी या. फार थकलेत हे."

ताई दुपारच्या गाडीने निघते आहे.