नानांचा टिळा, माझा सोलो

२९ सप्टें., सोम. जळगाव, आत्याकडे
आज तीन लँडिंग. पहिली दोन बरी. तिसऱ्याला विमान बेडकासारखं उड्या मारत गेलं. सर शेजारून खेकसले, "धावपट्टी आहे ही, ट्रॅम्पोलिन नाही!" हेडफोनमधून ओरडतात म्हणजे थेट मेंदूत. बॅचमधली पोरं खी खी. मला 'धरणगाव एअरलाइन्स' म्हणतात. म्हणा लेको. तुमच्यातल्या एकालाही अजून एकट्याने उडू दिलेलं नाही.
उतरल्यावर सर पाठमोरेच म्हणाले, "दसऱ्यानंतर बघू तुझा सोलो." शेजारची सीट रिकामी आणि विमानात मी एकटी! सतराव्या वर्षी! नानांना फोन केला तर ते गॅरेजमधूनच ओरडले, "बठ्ठासले सांगसू!" सगळ्यांना सांगून मोकळेही झाले असतील एव्हाना.

२ ऑक्टो., गुरु. दसरा
हँगरमध्ये पूजा. आई-नाना धरणगावहून आले. नानांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज, दरवर्षी सगळी अवजारं पुजतात, म्हणून सरांनी मान त्यांना दिला. नानांनी विमान अगदी ट्रॅक्टरसारखंच पुजलं. पंख्याला झेंडूचा हार, नाकावर हळदीचे ठसे, आणि जिथे काही गोल दिसेल तिथे ओल्या हळद-कुंकवाचा टिळा. सरांनीही हात जोडले. पेढे खाल्ले. आई रडली. मला पोरांसमोर लाजही वाटत होती आणि... असो.
उद्या आधी सरांसोबत एक फेरी, मग सोलो.

३ ऑक्टो., शुक्र.
रागाने अक्षर वेडंवाकडं येतंय.
उडण्याआधी विमानाभोवती फिरून सगळं तपासायचं असतं. डाव्या अंगाला एक बारीक भोक आहे. त्यातून आत येणाऱ्या हवेवर उंचीचा काटा चालतो. ते मोकळं आहे ना, बघायचंच. मी बघितलं. त्यावर नानांचा टिळा, वाळून टणक झालेला. दसऱ्याचं कुंकू, नानांच्या हातचं, आणि ते सोलोच्याच दिवशी पुसायचं? हात धजला नाही. वाटलं, वरवरच असेल.
उडालो. खाली कपाशीची शेतं लहान होत गेली आणि काटा जागचा हलेना. सरांनी विमान हातात घेतलं, एक चक्कर मारून उतरवलं. मग सगळ्यांसमोर.
"भोक बघितलं होतंस?"
"हो सर."
"मग?"
"कुंकू होतं."
पोरं हसली. सोलो रद्द.
चूक माझी. मान्य, शंभरदा मान्य. पण सर, काल हात जोडताना तुमचे डोळे कुठे होते? हे तिथेच तोंडावर बोलायला हवं होतं. बोलले नाही. आता उशीला बुक्क्या मारतेय.
सरांनी नानांना फोन करून टिळ्याचं सगळं सांगितलं. म्हणे वडिलांना घेऊन ये, मी समोर बसून बोलेन. ते हो म्हणाले तरच सोलो, कारण मी अठराची नाही.

५ ऑक्टो., रवि. धरणगाव
नाना हो म्हणत नाहीत. "देवनी सांगी दिधं. आते बस."
देवाने सांगितलं! देवाला कशाला मध्ये ओढता? भोक देवाने बुजवलं नाही नाना, तुम्ही बुजवलं, आणि मी तसंच राहू दिलं. हे सगळं जेवताना त्यांच्या तोंडावर म्हणाले.
आई: "बापले आसं बोलतस का व?"
नाना ताटावरून उठले. मग मीही उठले. आईच्या बट्ट्या तशाच राहिल्या.

७ ऑक्टो., मंगळ.
पिंपळनेरच्या मामाचा फोन. त्याचं मेडिकल आहे. म्हणे पोरीला इकडे पाठवा, फार्मसीला घालू, डोकं शांत होईल. माझं डोकं वर असताना शांतच असतं रे मामा. खाली आल्यावर तुम्ही सगळे भेटता.
दुपारी गॅरेजमध्ये डबा द्यायला गेले. दारातच ऐकलं. एक गिऱ्हाईक विचारत होतं, "काय नाना, पोरनी इमान उडाडं का?" नाना पान्यावरून नजर न काढता म्हणाले, "इमानमा बिघाड शे."
म्हणजे देव वगैरे काही नाही. शरम आहे. आख्ख्या तालुक्याचे ट्रॅक्टर खोलणारा माणूस, आणि त्याच्या हाताने विमानाचा काटा बंद पडला. कळलं मला. पण कळल्याने राग जातो हे कोण म्हणतं? उलट वाढला. तुमची शरम तुम्ही सांभाळा ना. तिच्यापायी मी का जमिनीवर बसू?

८ ऑक्टो., बुध.
आज बोलायचंच ठरवलं. नाना अंगणात हात धूत होते. म्हटलं, तुम्हाला सरांसमोर जायची लाज वाटते, एवढंच आहे. पोरं हसली तर मी बघेन त्यांच्याकडे.
नाना हात धूतच राहिले. मग म्हणाले, "तू पडी जाती तं? मन्हा हातवरी?"
त्यांच्या हातून. मी पडले असते तर त्यांच्या हातून.
खोलीत आले आणि दार आपटलं. का आपटलं, माहीत नाही. फेरीत काही झालं नाही, सर होते शेजारी, हे सांगता आलं असतं. सोलोला शेजारी कोणी नसणार, हेही त्यांना माहीत आहे. रडले. रडल्याचाही राग आला.

१० ऑक्टो., शुक्र. सकाळी
सरांचा मेसेज नानांच्या फोनवर आला. आज वारा शांत आहे, मुलीला घेऊन या, नाहीतर तिचा नंबर दुसऱ्याला देतो. नानांनी वाचला, फोन खिशात टाकला. चहा घेतला. आईला म्हणाले, "तिनी बॅग भर."
मी विचारलं, "माझी बॅग? कुठे?"
"बठ मांगे." मागे बस, एवढंच. मोटरसायकल सुरू करून बाहेर उभे आहेत.
आईला विचारलं, तिलाही माहीत नाही. किंवा सांगत नाही. बॅग आत्याकडे जायलाही लागते, मामाकडे जायलाही.
गावाबाहेर पाळधीकडे वळले तर जळगाव. एरंडोलकडे वळले तर धुळ्याची बस, पुढे पिंपळनेर. तिकडे वळले तर मी उतरणार. गाडी थांबवली नाही तरी उतरणार. जळगावला पायी जाईन. आणि जाऊन तरी काय करणार, त्यांच्या होकाराशिवाय सर सोडणार नाहीत. तरी जाईन.
नानांनी दुसऱ्यांदा हॉर्न दिला.